वीस शब्दांच्या शुभांगी मॅडम

शुभांगी मॅडमवर माझा राग आहे. तो मी अजून सोडलेला नाही आणि सोडायचा विचारही नाही. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर खरं लिहावं लागेल, कारण तीन वर्षांत ती बाई माझ्याशी एकदाही खोटं बोलली नाही. जुने ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं घेण्याविकण्यात माझं आयुष्य गेलं. समोरचा किती खोटं बोलतोय हे ओळखता येत होतं, म्हणून हमाली सोडून लातुरात घर बांधू शकलो. खरंच बोलणाऱ्या माणसाशी सौदा कसा करायचा, हे शिकायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मॅडम मूळच्या हदगावच्या. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. मॅडमचं काम नांदेडला, उशिरा बोलणाऱ्या लहान मुलांच्या एका केंद्रात. दर गुरुवारी पहाटेच्या एसटीने लातूरला यायच्या, दोन-तीन घरं करायच्या आणि दुपार कलली की परत. वय तिशीतलं. उंची माझ्या खांद्याइतकी, आणि खांद्याला ही भली मोठी पिशवी. घरात आल्या की आधी पाणी मागायच्या, मग मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीत टाकायच्या आणि मगच बसायच्या. "घड्याळ दिसलं की मीच घाई करते," असं त्यांनी माझ्या सुनेला, सुवर्णाला, सांगितलं होतं.

त्या आमच्याकडे आल्या महानंदासाठी. महानंदा माझी बायको. बोलण्यात गल्लीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिला शब्द सापडेनासे झाले तेव्हा सुरुवातीला आम्ही हसायचो. चाळणीला म्हणायची, "ते दे की गं, ते, भोकाचं." मग चमच्याचं नाव येईना झालं तिच्या तोंडून, मग शेजारणीचं. मी चिडायचो. "नाव सांग की! तोंडात दगड धरला का?" डोक्याच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि सांगितलं, याला अफेजिया म्हणतात, आणि हिचा वाढत जाणारा आहे. बोलणं तयार होण्याची जागा हळूहळू वाळत जाते. समजतं सगळं, निदान बरीच वर्षं. औषध नाही. बोलण्याचा सराव देणारं कोणी मिळालं तर बघा. सुवर्णाने शोधाशोध करून शुभांगी मॅडमचा नंबर मिळवला.

पहिल्या गुरुवारी मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. गाडी दुरुस्तीला दिली की सगळं बिघडलेलं आधीच सांगून टाकावं, म्हणजे मिस्त्री नंतर नवं काही काढत नाही.

"लई बिघडलंय मॅडम," मी म्हणालो. "माझं नावसुद्धा इसरली. इचारा पाहिजे तर."

मॅडम महानंदाकडे वळल्या. "काकू, यांचं नाव काय?"

महानंदाने मान खाली घातली आणि पदर पुढे ओढला.

"बघा!" मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "काका, याच्या आधी घेत होत्या का नाव?"

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. "आवो" म्हणतात, "मालक" म्हणतात, पोरगं झालं की पोराच्या नावाने हाक मारतात. महानंदाने माझं नाव घेतलं ते लग्नात, उखाण्यात. त्यानंतर कधी घेतल्याचं मला आठवत नव्हतं. आणि हीच तक्रार मी दवाखान्यातही मोठ्याने सांगितली होती. ती तिथे कागदावर उतरली होती: पतीचे नाव सांगता येत नाही. मॅडमनी फाईल उघडून त्या ओळीशेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

"हे धरता येत न्हाई," त्या म्हणाल्या.

मग मी मुद्द्यावर आलो. "किती दिवसांत बरी करता?"

"बऱ्या होणार न्हाईत."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"जेवढं बोलणं राहिलंय, ते जास्तीत जास्त दिवस राहावं म्हणून. आणि ते गेल्यावर तुम्ही दोघं एकमेकांना कसं समजून घेणार, ते आतापासून शिकवायला."

"गॅरंटी?"

"शून्य."

असा भाव मला आयुष्यात कोणी सांगितला नव्हता. मी उठून बाहेर गेलो. आतून सुवर्णाचा आवाज आला, "मॅडम, तुम्ही पुढच्या गुरुवारी या."

त्यांची काम करायची तऱ्हा वेगळी होती. केंद्रात लहान मुलांसाठी चित्रांचे पत्ते होते, त्यावर सिंह, विमान, फुगा, बर्फातला कसलासा पक्षी. मॅडमनी ते आमच्या घरी एकदाच काढले आणि परत पिशवीत ठेवले. मग आमच्या स्वयंपाकघरात शिरून मोबाईलवर फोटो काढत सुटल्या. परात, जर्मनचं पातेलं, सूप, अडुळी म्हणजे विळी, फळीवरचा तिखटाचा डबा, न्हाणीतला बंब. पुढच्या आठवड्यात त्या सगळ्यांचे पत्ते करून आणले. "काकूंनी आयुष्यात कधी विमानाचं नाव घेतलं नसंल. ते गेलं काय आन् राहिलं काय," म्हणाल्या. महानंदा पत्ता बघायची, ओठ हलवायची, हात हवेत गोल फिरवायची. मॅडम गप्प. दहा आकडे मोजून व्हावेत इतका वेळ गप्प, आणि त्यानंतरही गप्प. मी आपला दारातून, "परात! परात म्हण की!" मॅडम माझ्याकडे न बघता एक बोट वर करायच्या. ते बोट मला अजून दिसतं. एका गुरुवारी त्यांनी सरळ सांगितलं, "काका, तुम्ही ओसरीत बसा. तुम्ही नसलात की काकू जास्त बोलतात." माझ्याच घरात, माझ्या सुनेसमोर. त्या दिवशी दुकानात मी तीन गिऱ्हाइकांशी भांडलो.

एकदा त्यांनी महानंदाला गंजगोलाईच्या बाजारात भाजीला नेलं. पाच बोटांत मावेल एवढं एक कार्ड तयार केलं होतं: मला बोलायला वेळ लागतो, मला सगळं समजतं, थोडं थांबा. मी सोबत गेलो होतो, दूर उभं राहायच्या अटीवर. महानंदा एका भाजीवालीपुढे उभी राहिली. "मे... ते... हिरवं... पानं..." मागे बायका खोळंबल्या. भाजीवाली म्हणाली, "ओ माय, पटकिनी बोला की! मुकी हाय का काय बाई?" माझं डोकं फिरलं. मी पुढे झालो तोच मॅडमनी हात आडवा घातला. महानंदाने पदराची गाठ सोडून कार्ड काढलं आणि पुढे धरलं. भाजीवालीने ते उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाली, "मला कुठं वाचाया येतंय? तुमच्यासारकीच मी."

महानंदा हसली. खळखळून हसली, किती महिन्यांनी. भाजीवालीलाही हसू आलं. मग महानंदाने मेथीची जुडी स्वतः उचलली आणि एकाऐवजी दोन बोटं दाखवली. परत येताना मॅडम रिक्षात म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी कार्ड केलं." पुढच्या आठवड्यापासून त्यांनी त्याच अर्थाची एक खूण शिकवली, छातीवर तळवा ठेवायचा आणि मग तोच तळवा पुढे धरायचा. ती खूण महानंदा बरेच दिवस वापरत होती. चूक झाली असं तोंडाने म्हणणारा माणूस मला धंद्यात भेटला नव्हता. तेवढ्यासाठी त्या बाईबद्दल मला थोडा आदर वाटायला लागला होता.

आणि मग ती यादी आली.

मॅडम म्हणाल्या, सगळे शब्द सांभाळता येणार नाहीत. वीस निवडू. त्या विसांचा रोज अर्धा तास सराव, म्हणजे बाकीचे गेले तरी ते टिकतील, काही महिने, जमलं तर वर्ष. कोणते वीस, ते काकू ठरवतील. दुपारभर फोटोंचा ढीग जाजमावर पसरून ठेवला होता. घरातल्या वस्तू, माणसं, देव, खाण्याचे पदार्थ. महानंदा एकेक उचलून उजवीकडे ठेवायची, नको असेल तो डावीकडे. मी दारात उभा होतो. उजवीकडे गेलं पाणी. चहा. गोळी. पंखा. सुवर्णा. जगदेवी, आमची उदगीरला दिलेली लेक. विभूती. अंबाडीची भाजी. 'दुखतंय' साठी मॅडमनी कपाळावर हात धरलेलं चित्र काढलं होतं, ते उजवीकडे. 'नको' साठी आडवा हात, तोही उजवीकडे. मग माझा फोटो तिच्या हातात आला. तिने तो जरा वेळ धरला, बोटाने कडा पुसली आणि डावीकडे ठेवला. विसावा शब्द तिने स्वतःच तोंडाने सांगितला, फोटो नसताना. "चंद्री."

चंद्री ही आमची म्हैस. संसाराच्या सुरुवातीला होती. मी उदगीरच्या बाजारात विकली, आणि त्या दिवशी बाजारातला सगळ्यात चांगला भाव मी घेतला होता. त्या पैशावर पहिलं जुनं इंजिन आलं. पस्तीस वर्षं झाली असतील.

मी मॅडमना रिक्षापर्यंत सोडायला गेलो आणि म्हणालो, "इकलेल्या म्हशीचं नाव यादीत हाय, अन् मी जिता बसलोय. काढा ते. माझं घाला."

"यादी त्यांची हाय, काका."

"बरं, पंखा काढा. पंखा तिला उठून लावता येतो."

"न्हाई."

"एकवीस करा. एकानं काय होतंय?"

"वीसच झेपतात. आन् एकवीस झेपले असते तरी एकविसावा त्यांनीच सांगायचा होता."

"मॅडम, बेचाळीस वर्षं खाऊ घातलं तिला. एकदा नाव ऐकावं म्हणतो. एकदा. तोंड हाय तोवर."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, नरम आल्या. रिक्षात बसल्या आणि म्हणाल्या, "सुवर्णाला सांगा, सराव चुकवायचा न्हाई."

मी सौदा तिथे सोडणारा माणूस नव्हतो. स्टुडिओतून माझ्या फोटोचा तसाच पत्ता करून घेतला आणि सरावाच्या पत्त्यांच्या डब्यात घातला. सुवर्णाला सांगितलं, रोज हा आधी घ्यायचा, मॅडमना बोलायचं नाही. ती बिचारी काय म्हणणार! पहिल्या दिवशी महानंदाने तो बाजूला ठेवला. मी परत तिच्या हातात दिला. "म्हण. मन्मथ. म... न्म... थ." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला. चौथ्या दिवसापासून तिने डबाच घेतला नाही. सुवर्णा डबा घेऊन आली की उठून न्हाणीत जायची आणि आतून कडी लावायची. त्याच वेळी मॅडमच्या केंद्रात काही तपासण्या होत्या आणि त्या दोन गुरुवार आल्या नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आल्या, डबा उघडला आणि माझा फोटो त्यांच्या हाताला लागला.

त्यांना रागावलेलं मी तेवढंच एकदा बघितलं. आवाज चढला नाही. ओसरीत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या, हातात तो पत्ता.

"जवळपास तीन आठवडे सराव झाला न्हाई."

"आता करू की. डबल करू."

"काका, हे उधारीवर घेतलेलं सामान न्हाई, मागून भरून द्यायला. गेल्या महिन्यात अठरा शब्द येत होते. आज अकरा आले. अंबाडी गेली, विभूती गेली, जगदेवी गेली. हे मला परत आणता येत न्हाईत."

"जगदेवी गेली म्हंजी?"

"फोटो दाखवला की रडतात. ओळखतात. नाव येत न्हाई."

त्यांनी पत्ता माझ्या हातात दिला आणि आत जाऊन महानंदाशेजारी बसल्या. जगदेवीला मी हे कधी सांगितलं नाही. सुवर्णाने सांगितलं असेल तर मला माहीत नाही.

पुढची संक्रांत गुरुवारी नव्हती, पण हळदीकुंकू सुवर्णाने गुरुवारी ठेवलं, मॅडम असाव्यात म्हणून. घरात पंधरा-वीस बायका. रिवाजाप्रमाणे उखाणे सुरू झाले. कोणीतरी आगाऊपणाने म्हणालं, "काकूंनी घ्यावा!" सगळ्यांच्या माना महानंदाकडे वळल्या. मी मधल्या दारामागे होतो. तोवर महानंदाच्या तोंडून दिवसाला पाच-सात शब्द यायचे, तेही तुटके. आणि ती एकदम, न अडखळता, लग्नातल्या आवाजात म्हणाली:

"ज्वारीच्या कणसात दाणे भरले दाट..."

मॅडमच्या हातातली तिळगुळाची वाटी तशीच राहिली. पुढचा शब्द माझं नाव होता. मन्मथरावांची उंबऱ्यात बसून पाहते वाट. असाच घेतला होता तिने, मांडवात, मी ऐकला होता.

महानंदा थांबली. ओठ मिटले. मान किंचित खाली गेली. मग म्हणाली,

"...उंबऱ्यात बसून पाहते वाट."

बायका हसल्या. "लाजल्या गं लाजल्या! या वयात लाजतेत काकू!" कोणी टाळ्या वाजवल्या. सुवर्णाने डोळे पुसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी महानंदाचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

त्या संक्रांतीनंतर उतरण लागली. चहा गेला, पंखा गेला, सुवर्णा गेली. चंद्री बराच काळ राहिली. कधीही, कशालाही, "चंद्री" म्हणायची. शेवटी तेही गेलं. 'नको' राहिलं ते हाताच्या खुणेत. मॅडमनी पत्त्यांचा डबा बंद केला आणि दुसरंच शिकवायला लागल्या. घास लहान करायचा, हनुवटी खाली ठेवून गिळायला लावायचं, पाण्यात थोडी पेज मिसळून ते दाट करायचं, म्हणजे ठसका लागत नाही. मी म्हणालो, "तुम्ही बोलण्याच्या मॅडम ना?" त्या म्हणाल्या, "तोंड तेच आहे काका." मला महानंदाला भरवायला त्यांनीच शिकवलं. माझा हात घाईचा, पुढचा घास आधीच्या घासावर. मॅडम माझं मनगट धरायच्या आणि महानंदाचा गळा हलेपर्यंत सोडायच्या नाहीत.

एका गुरुवारी म्हणाल्या, "आता माझ्याकडे नवीन शिकवण्यासारखं काही न्हाई. यापुढं येणं म्हंजी तुमचे पैसे घेणं." मी म्हणालो, "तरी या." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्या महानंदाच्या समोर खाली बसल्या. महानंदा त्यांच्याकडे बघत होती, पण ओळख होती की नाही, मला कळलं नाही.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा माझ्या गाडीतून स्टँडवर सोडायला गेलो. नांदेडची एसटी लागायला वेळ होता. गाडी बाजूला घेऊन मी विचारलं,

"मॅडम, संक्रांतीला ती थांबली, ती लाज होती का रोग?"

"मला माहीत न्हाई, काका."

"अंदाज सांगा की."

"अंदाज सांगितला तर तुम्ही त्याला धरून बसाल. मला खरंच माहीत न्हाई. दोन्ही सारखंच दिसतं."

"अन् यादी केली तवा? माझा फोटो कामून ठिवला बाजूला?"

त्यांनी पिशवीचा बंद दोनदा गुंडाळला, दोनदा सोडला.

"ते मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. तेव्हा त्यांना सांगता आलं असतं. खुणेनं, हो-न्हाई करून, कसंही. आता न्हाई विचारता येत."

"मग कामून न्हाई इचारलं?"

"तुम्ही दारात उभे होता."

मला खूप काही बोलायचं होतं. शिव्यासुद्धा द्यायच्या होत्या. तेवढ्यात एसटी फलाटाला लागली आणि माणसं धावली. मॅडम पिशवी घेऊन उतरल्या, गर्दीत घुसल्या आणि खिडकीची जागा पकडली. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून डबा काढला. पहाटे भरलेला असणार. भाकरी आणि काहीतरी सुकं. खूप भुकेलेलं माणूस खातं तशा त्या खात होत्या, भराभर, खाली मान घालून. तीन वर्षं दर गुरुवारी ही बाई माझ्या घरात बसली, आणि तुम्ही जेवलात का हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा त्या भाकरीचा पुढचा तुकडा मोडत होत्या. बाहेर त्यांनी बघितलं नाही.